थाळीवर बांधलेला रुमाल

हेरातबाहेरची वस्ती
४ जौझा

तूबा आपा,

सलाम. तुझं पोतं पोहोचलं. वर चहा, मध्ये चहा आणि तळाशी चाळीस वह्या. सर्वरकाका पोतं दारात टाकून म्हणाले, "पोरी, एवढा चहा प्यायलीस तर झोप कशी लागायची?" झोप तशीही कुठे लागते म्हणा.

फोन करू नकोस, मी तो विहिरीत टाकलाय. नाक्यावर आता बायकांच्या पिशव्यांतले फोनसुद्धा उघडून बघतात. सर्वरकाकांच्या ट्रकमधून येणारी पत्रं बरी. मशहदहून इथवर यायला आठवडा लागला तरी चालेल, तुझं अक्षर तरी दिसतं.

शाळा चालू आहे. 'शाळा' हा शब्द फक्त तुझ्याजवळ. बाकी जगासाठी मी विधवा हुमैरा, पोरींना कशिदा शिकवून पोट भरते. एकोणीस पोरी, प्रत्येकीच्या मांडीवर कापड आणि कापडाखाली वही. बाबा दाराशी तसबीहचे मणी ओढत बसतात आणि अनोळखी पाऊल वाजलं की खोकतात. गेल्या महिन्यात त्यांना खरंच खोकला झाला, तर आठवडाभर आम्ही नुसता कशिदाच केला!

सगळ्या बादगीसकडच्या. पाऊस गेला, मागोमाग मेंढ्या गेल्या, आणि ही माणसं विंचवासारखं बिऱ्हाड पाठीवर घेऊन इथे येऊन पडली. पाच वर्षं झाली तरी डोक्यावर ताडपत्रीच आहे. सगळ्यांत हुशार नाझबू, वीटभट्टीवरच्या खैरुद्दीनची थोरली, तेरा वर्षांची. मागच्या थंडीत तिला अलिफ ओळखता येत नव्हता. आता वस्तीतल्या बायका औषधाच्या बाटल्या घेऊन तिच्याकडे येतात. परवा तिच्या आईने धाकट्याला खोकल्याचं म्हणून जखमेवर लावायचं औषध पाजायला घेतलं होतं. नाझबूने बाटली हिसकावली म्हणून पोर वाचलं. त्या दिवशी मला वाटलं, उद्या मी मेले तरी माझं काम झालं.

काळजी एकाच गोष्टीची. माझी घरमालकीण, बीबी कौकब, हल्ली रोज काहीतरी निमित्त काढून डोकावते. तिचा मुलगा अब्दुलबसीर, मोठ्या पोरींना शिकवायचं नाही हा हुकूम मोडणाऱ्यांची घरं शोधत फिरतो, हे तुला माहीत आहे. काल विचारत होती, ती उंच मुलगी कोणाची? कणीक मळता येते का तिला? घरात कुणाला छातीचा आजार नाही ना? आता कशिद्याचा आणि छातीच्या आजाराचा काय संबंध? बाई पोरी मोजून मुलाला सांगणार, असं मला वाटतंय.

वारा सुरू झालाय. चार महिने आता तोंडात माती.

तुझी हुमैरा


मशहद
१९ जौझा

हुमा,

तू घाबरलीस की तुझं अक्षर उजवीकडे कलतं. या वेळचं पत्र तर आडवं पडायला आलं होतं!

कौकबला गोड ठेव. शिपायाशी भांडण परवडेल, घरमालकिणीशी नाही. ईद आठवड्यावर आलीय. सर्वरकाकांबरोबर नुकूल पाठवतेय. इथले बदाम चांगले असतात आणि साखरेचा लेपही जाड. एक थाळी भरून तिच्या घरी पोहोचव. तू स्वतः जाऊ नकोस, नाहीतर ती तासभर बसवून घेईल आणि तुझ्या तोंडून नको ते काढेल. ती उंच मुलगी तिला आवडलेली दिसते, तिलाच पाठव. गोजिरवाण्या पोरीच्या हातून गोड खाल्लं की म्हातारीची जीभ जरा थंड पडेल.

माझं उत्तम चाललंय. शिलाईच्या कारखान्यात काम भरपूर आहे. बाहेर फारशी पडत नाही, गरजच काय? कारखान्यातल्या मुली माझ्यावर हसतात, कारण मी दुपारच्या सुट्टीत वह्या मागत फिरते. कुणी निम्मी वापरलेली देते, कुणी नवी. एकीने स्वतःच्या मुलाची चोरून आणली. चोरीच्या वहीवर शिकलेलं चालतं का गं? चालत असेल.

पुढच्या वेळी नाझबूच्या हातचे चार शब्द पाठव. बघू तर खरं तुझी लाडकी.

तुझी तूबा


वस्ती
२ सरतान

आपा,

काय झालं ते सांगते. रागावू नकोस, आणि स्वतःलाही दोष देऊ नकोस. दोष माझा आहे.

ईदच्या दुसऱ्या दिवशी थाळी भरली आणि नाझबूला म्हटलं, "जा, बीबी कौकबला देऊन ये. सलाम कर आणि लगेच परत फिर." मी आत चुलीशी होते. बाहेर वारा असा होता की समोरची भिंत दिसत नव्हती. नाझबूने पाहिलं की बदामांवर माती बसतेय. पोरीने काय करावं? स्वतःच्या डोक्यावर बांधायला कशिद्याने भरलेला लाल रुमाल काढला, थाळीवर घातला, चारी टोकं उचलून वर गाठ मारली आणि गेली.

तू परमुलखात राहून विसरली असशील. मी तर इथेच आहे, मी कशी विसरले? मुलीच्या घरून भरलेल्या रुमालात बांधून मिठाई गेली की शब्द गेला. मग लग्नाला नुसता दिवस ठरायचा उरतो.

तिला आधीच मागणी आलीय, हे मला माहीत नव्हतं. कौकबने अब्दुलबसीरसाठी पंधरा दिवसांपूर्वीच खैरुद्दीनकडे शब्द टाकला होता. त्याने ना हो म्हटलं ना नाही. गरिबाला नाही म्हणता येत नाही. कौकबच्या घरी त्या दिवशी ईदच्या पाहुण्या होत्या, दहा-बारा बायका. त्यांच्या समोर मुलगी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या रुमालात बांधलेले नुकूल घेऊन उभी राहिली.

मला इथवर डफाचा आवाज आला. कुणाच्या घरी मुलगा झाला असेल, असं मी बाबांना म्हणाले. तेवढ्यात नाझबू धावत आली, खांद्यावर हिरवी शाल, तोंडात साखर.

"खाला, बघा, बीबींनी मला शाल दिली! सगळ्या बायकांनी माझे मुके घेतले. एक म्हणाली, आता तू आमची."

"आणि तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तश्शक्कूर. आभार मानायला नकोत का?"

बाबांच्या हातातली तसबीह थांबली. मी तिला जवळ घेतलं. ती अजूनही खूश आहे. आपा, तो माणूस चाळिशीचा आहे, त्याला तीन मुलं आहेत. त्याची पहिली बायको कशाने गेली, हे वस्तीत कुणी मोठ्याने बोलत नाही.

काय करू?

हुमैरा


मशहद
११ सरतान

हुमा,

तुझं पत्र कारखान्याच्या मोरीत उभी राहून वाचलं. थाळी पाठव म्हणणारी मी, पोरीलाच पाठव म्हणणारीही मीच. माझी जीभ झडो.

आता ऐक. आधी सरळ मार्ग धर. जाऊन सांग, वारा होता, पोर अजाण आहे, गाठ शब्दाची नव्हती, मातीपासून झाकायची होती. कौकबही बाई आहे, तिलाही मुली झाल्या असतील. पदर पसर, पाया पड.

नाहीच ऐकलं तर पोरीला माझ्याकडे पाठवून दे. सर्वरकाका आणि त्यांची बायको मिळून आणतील, लेक म्हणून. माझ्या खोलीत दोघी सहज मावू. इथे आपल्या लोकांच्या पोरींसाठी तळघरात एक शाळा चालते, तिथल्या बाईंना मी ओळखते. सगळं नीट होईल. मी खंबीर आहे, तू घाबरू नकोस.

तिच्या आईला विश्वासात घे, बापाला नको. बापाला विचारलं तर तो खरं बोलेल आणि घात होईल.

तूबा


वस्ती
२३ सरतान

आपा,

गेले होते. कौकबने चहा दिला, खडीसाखर दिली, गादीवर बसवलं. मी सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं,

"वाऱ्याने रुमाल घातला. गाठसुद्धा वाऱ्यानेच मारली का पोरी?"

"बीबीजान, लहान आहे ती. तिला काय कळतं?"

"मी तिच्यापेक्षा लहान होते. मलाही काही कळत नव्हतं. कळून कुणाचं भलं झालंय?" मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुझ्या खोलीत काय शिवलं जातं, ते आम्हाला माहीत नाही असं वाटतं तुला? बसीरला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. मीच त्याला अडवून धरलं. म्हटलं, तिथे आपली सून तयार होतेय. चार अक्षरं आली तर नातवंडांची औषधं तरी वाचेल."

आपा, मला वाटत होतं, आपण हुशारीने लपलोय. आम्ही लपलोच नव्हतो! नाझबूच्या जिवावर आम्हाला सोडलेलं होतं.

"आणि शब्द फिरला तर?" मी विचारलं.

"तर मी बसीरला कशाच्या नावाने अडवू?"

खैरुद्दीनकडे गेले. तो विटांच्या चळतीआड मान खाली घालून बसला होता. म्हणाला, "बाईजी, माझ्या पाठी आणखी चार आहेत. बादगीसहून निघताना एक वाटेत पुरली. ही निदान पक्क्या छपराखाली राहील." मग रडायला लागला. असा मोठा माणूस रडताना बघवत नाही गं. मला त्याचा राग यायला हवा होता, पण आलाच नाही.

लग्न पुढच्या महिन्यात, असदच्या मध्याला धरलंय. नाझबूला आता कळलंय. ती रडली नाही. फक्त विचारलं, "खाला, तिथे वही न्यायला देतील का?"

तिच्या आईशी बोलले. ती म्हणाली, "न्या. मेली असं समजून मी जगेन, पण न्या." सर्वरकाका या महिन्याच्या शेवटी निघताहेत, हे पत्र त्यांच्या सोबत्याच्या ट्रकने आधी येईल. त्यांच्या बायकोने मुलीसाठी बुरखाही शिवला. वस्तीत सांगायचं, बादगीसला आजी आजारी आहे. तू खोलीवरच राहा. दार वाजेल तेव्हा उघड, एवढंच तुझं काम.

हुमैरा


इस्लाम क़लाचे तंबू
१ असद

हुमा,

पत्ता वाचून दचकली असशील. मी आता तुझ्याच बाजूला आहे. हद्दीच्या अलीकडे.

तुझ्याशी खोटं बोलले. माझं तिथे राहण्याचं कार्ड चार महिन्यांपूर्वी, हमलमध्येच संपलं होतं. 'बाहेर फारशी पडत नाही' असं लिहिलं ते त्यामुळे. मला वाटलं, तुला सांगितलं तर तू वह्या मागणं थांबवशील. मागच्या आठवड्यात त्यांनी कारखान्याला वेढा दिला आणि आम्हा बायकांना बसमध्ये भरून हद्दीपार सोडलं. शिवणाचा अंगुस्तानाही बोटातच राहिला. सामान आणू दिलं नाही. मला एकच धास्ती होती, की पोरगी माझ्या दारावर येऊन थाप मारील आणि उघडायला कुणी नसेल.

म्हणून तीन दिवस रस्त्याच्या कडेला बसून येणारा प्रत्येक ट्रक बघत होते. काल दुपारी सर्वरकाकांचा दिसला. मी ट्रकपुढे आडवी झाले. काका शिव्या देतच उतरले, मग मला ओळखलं आणि ट्रकचं दार उघडलं. आत काकूंच्या शेजारी तुझी नाझबू.

ती आता माझ्याजवळ आहे. हुमा, तू सांगितलं होतंस त्याहून ती पुष्कळ जास्त आहे. हद्दीवर प्रत्येकाला एक चिठ्ठी देतात, कुठल्या तंबूत जायचं, कुठे पीठ मिळेल, कधी निघायचं. बायकांना वाचता येत नाही, त्या भलत्याच रांगेत उभ्या राहतात आणि दिवस फुकट जातो. नाझबूने एकीची वाचून दिली. आज सकाळपासून तिच्यासमोर निराळीच रांग लागलीय. एका म्हातारीने तिला 'मुल्लासाहेब' म्हणून हाक मारली, तर तंबूभर हशा पिकला.

पण मशहद संपलं. इथे आता आणखी आठवडाभरच राहू देतील. पुढे काय? परत आणू का तिला? तू म्हणशील तसं. सर्वरकाका माल उतरवून हेरातला येताहेत, त्यांच्याच हाती हे देते.

तुझी खोटारडी आपा


वस्ती
४ असद

आपा,

तिला परत आणू नकोस. हे पत्र तिच्यासमोर वाचू नकोस, तिच्या हातीही देऊ नकोस.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी कौकबला कळलं. त्याच दुपारी बसीरची माणसं भट्टीवर आली आणि खैरुद्दीनला घेऊन गेली. दोन दिवसांनी सोडलं. तळपाय टेकवत नाहीत, पण त्याने तोंड उघडलं नाही. त्याला काही माहीतच नव्हतं, उघडणार काय? जाताना बसीर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "जुम्म्यापर्यंत मुलगी आली नाही तर एकोणीस घरांची झडती घेतो."

मी कौकबकडे गेले. या खेपेस पाया पडले नाही. सगळ्या जावा-नणंदा बसल्या असताना मोठ्याने म्हणाले,

"बीबीजान, तुमच्या घरी थाळी आली, ती कुणाच्या घरून आली?"

"तुझ्या."

"नवरी मुलगी आपल्या शब्दाची थाळी स्वतः उचलून नेते, असं कधी कुणी पाहिलंय? एवढी निर्लज्ज मुलगी आमच्याकडे जन्मत नाही. नाझबू नुसती थाळी पोहोचवायला आली होती. थाळी माझी, नुकूल माझे, शब्द माझा. मी विधवा आहे, माझ्या तोंडाने कसं सांगणार होते?"

मग एक म्हातारी म्हणाली, "खरंय की. नवरी कधी थाळी उचलते का?" कौकबला सगळं कळलं, आपा. तिला हेही कळलं, की असं झालं तर तिच्या घरची कुणी नवरी पळालेली नाही, तिची अब्रू शाबूत आहे. म्हणाली, "वय जास्त आहे तुझं."

मी म्हटलं, "कणीक चांगली मळते."

नवऱ्याने द्यायचा मेहेर म्हणून मी सोनं मागितलं नाही. या वस्तीतल्या एकाही पोरीच्या दारात बसीरचं पाऊल पडायचं नाही, हा माझा मेहेर. मुल्लासमोर, चार साक्षीदारांसमोर. बसीर हसला आणि कबूल म्हणाला. त्याचं ते हसू मला आवडलं नाही. बाबांकडून हो म्हणवून घेतलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

८ असदला, दुपारच्या नमाजनंतर निकाह. त्यानंतर माझी पत्रं आधी दुसरं कुणीतरी वाचेल, तेव्हा लिहू नकोस. नाझबूला घेऊन फराहला आत्याकडे जा. तिथेही बादगीसची माणसं पडलीत, तिथेही पोरी असतील. वह्या सर्वरकाकांकडे दिल्यात. नाझबू लहानग्यांना शिकवील, तू मोठ्यांना. तिला सांग, लग्न आपोआप मोडलं आणि खाला मजेत आहे.

मला भीती वाटते, आपा. हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही, म्हणून तुला लिहिलं.

हुमा


इस्लाम क़ला
७ असद

हुमैरा खाला,

सलाम. माझं अक्षर वाईट आहे, कागद गुडघ्यावर धरलाय.

तूबा खाला म्हणाल्या, लग्न मोडलं, सगळं छान झालं, आपण फराहला जाऊ. पण असं सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी तुमचं पत्र पिठाच्या पिशवीत ठेवलं होतं. त्या पाण्याच्या रांगेत गेल्या तेव्हा मी ते काढलं. दोनदा वाचलं. 'मेहेर' शब्द आधी लागला नाही, मग लागला.

बाबांचे पाय आता टेकतात का?

खाला, गाठ मी मारली होती. तुम्ही फक्त थाळी द्यायला सांगितलं होतं. तुम्ही त्या बायकांना खोटं सांगितलंत, मी आल्यावर ते खोटं कळेल. पण मग त्यांची सून मी होईन, आणि बीबी कौकब पूर्वीसारखी मुलाला अडवतील. तुमच्या आधीच्या एका पत्रात तसंच होतं ना, सून होती म्हणून सोडलं होतं? तूबा खालांनी अंगावर जपून आणलेली तीही पत्रं मला वाचून दाखवली होती.

मी खूप विचार केला. फराहला गेले तर मी मुलींना काय शिकवणार? मला अजून भागाकार येत नाही. तुम्हाला सगळं येतं. तुम्ही त्या घरात गेलात तर बाकीच्या अठरा जणींचं शिक्षण थांबेल. मी गेले तर फक्त माझं थांबेल. हे गणित मी तीनदा करून पाहिलं.

तूबा खालांना चिठ्ठी लिहून ठेवलीय, त्या रागावतील. सर्वरकाका उद्या पहाटे हेरातला निघताहेत. त्यांना मी सांगितलं, तूबा खालांनीच मला परत पाठवलंय. काका म्हणाले, "चिठ्ठी दाखव." मी लिहून दाखवली. त्यांना वाचता येत नाही.

नमाजच्या आधी पोहोचू, असं ते म्हणतात. हे पत्र त्यांच्याकडे देत नाही. मीच घेऊन येतेय.

तुमची नाझबू